मोइरांग पर्व: शेवट माहीत असूनही रात्रभर ऐकली जाणारी गोष्ट

मणिपूरच्या खोऱ्यात खांबा-थोइबीची गोष्ट ठाऊक नसलेलं मैतेई घर सापडणं अवघड. ती दोघं कुठे भेटली, मध्ये कोण आडवं आलं, आणि शेवटी एकाच भाल्याने दोघांचा जीव कसा गेला, हे तिथल्या शाळकरी मुलांनाही माहीत असतं. तरीही कुणी ही कथा गायला बसलं किंवा अंगणात तिचा खेळ लागला, की माणसं तासन्‌तास हलत नाहीत. उत्कंठा तर उरलेलीच नाही. मग ऐकणारे नेमकं काय ऐकत असतात? या प्रश्नाला धरून चाललं, की मैतेई पुराणकथांवर उभा असलेला हा सगळा गायन-नाट्याचा पसारा समजायला सोपा जातो.

आधी प्रकार कोणता ते पाहू. बॅलड ऑपेरा म्हणजे लोकांच्या ओळखीच्या चालींतली गाणी आणि मधूनमधून साधे बोललेले संवाद यांतून कथा सांगणारं नाटक. इंग्लंडमध्ये 1728 च्या सुमारास हा प्रकार लोकप्रिय झाला, तो दरबारी ऑपेराला कंटाळलेल्या सामान्य प्रेक्षकांमुळे. मणिपुरातल्या मोइरांग पर्वालाही हेच नाव लावलं जातं आणि वरवर पाहता ते चुकीचं नाही. गाणी आहेत, संवाद आहेत, सगळ्यांच्या ओळखीची कथा आहे. पण त्याची मुळं नाटकगृहात नाहीत. ती एका देवळात, एका तळ्यात आणि एकाच तारेच्या एका वाद्यात आहेत.

मोइरांग आणि थांगजिंग

मोइरांग हे गाव इम्फाळच्या दक्षिणेला साधारण 45 किलोमीटरवर, लोकताक सरोवराच्या काठी आहे. आपल्याकडे अनेकांनी त्याचं नाव आझाद हिंद सेनेमुळे ऐकलेलं असतं. 14 एप्रिल 1944 ला कर्नल शौकत मलिक यांनी तिथे झेंडा फडकवला होता. मैतेईंच्या लेखी मात्र मोइरांग म्हणजे थांगजिंग देवाचं गाव. मैतेईंमध्ये सात कुळं मानतात, त्यांतलं मोइरांग हे एक. एकेकाळी त्याचं स्वतंत्र राज्य होतं, स्वतःचे राजे होते, स्वतःच्या कथा होत्या. पुढे खोऱ्यातली सगळी राज्यं एका सत्तेखाली आली, तरी मोइरांगच्या कथा मोइरांगच्याच राहिल्या आणि उलट साऱ्या खोऱ्याने त्या आपल्या मानल्या.

या कथांची मांडणी वेगळी आहे. परंपरा अशी की थांगजिंगच्या इच्छेने एकच दैवी जोडपं मोइरांगमध्ये पुन्हा पुन्हा जन्माला येतं. प्रत्येक जन्मी नावं वेगळी, घराणी वेगळी, अडचणी वेगळ्या. प्रेम मात्र तेच आणि त्याची परीक्षाही तितकीच कठोर. हे जन्म किती, यावर परंपरांचं एकमत नाही. कुणी सात सांगतं, कुणी नऊ. अकोंगजांबा आणि फौओइबी हे त्यांतलं एक जोडपं; फौओइबी ही भाताची देवी. हेंजुनाहा आणि लाइरौलेंबी, खुयोल हाओबा आणि याइथिंग कोनू, कदेंग थांगजाहनबा आणि तोनू लाइजिंगलेंबी ही आणखी काही. खांबा आणि थोइबी हा या मालिकेतला शेवटचा जन्म. मैतेई पुराणांत नोंगपोक निंगथौ आणि पांथोइबी हे देवलोकातले प्रेमी आहेत, आणि खांबा-थोइबी त्यांचेच अवतार, असंही मानलं जातं.

सुरुवातीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच सापडतं. ऐकणाऱ्यापुढे एक सुटी प्रेमकथा नसते. थोइबीने पहिल्यांदा खांबाकडे पाहिलं, असं गायक म्हणतो तेव्हा तिथे बसलेल्या म्हातारीला ठाऊक असतं की ही पहिली भेट नाही. हे दोघं याआधी कितीदा तरी भेटून हरवले आहेत. पात्रांना ते आठवत नाही, श्रोत्यांना आठवतं. या कथेचं सगळं कारुण्य त्या अंतरात आहे.

मालिकेतली एक कथा इथे सांगण्यासारखी आहे, कारण तिचा दुवा आजच्या भूगोलाशी आहे. कदेंग थांगजाहनबा शिकारीला गेला आणि तोनू लाइजिंगलेंबीला भेट द्यायला त्याने एक गाभण सांगाई हरिणी जिवंत पकडून आणली. परत येऊन पाहतो तर तोनू राजवाड्यात, राजाची राणी झालेली. मोडलेल्या मनाने त्याने ती हरिणी केइबुल लामजाओच्या दलदलीत सोडून दिली. तेव्हापासून सांगाई तिथे राहतात, असं लोक सांगतात. आज त्याच जागी राष्ट्रीय उद्यान आहे, आणि सांगाई हरणं नैसर्गिक अवस्थेत जगात फक्त तिथेच उरली आहेत. 1975 च्या गणनेत अवघी 14 आढळली होती. म्हणजे ज्या गवतावर ही हरणं चरतात, त्या फुमद्यांसकट (तळ्यावर तरंगणारे झाडपाला आणि मातीचे जाड थर) सगळा प्रदेश या गाण्यांत आधीपासून आहे.

खांबा, थोइबी आणि खाम्नू

आता मुख्य कथा. ती सविस्तर सांगतो, कारण नाट्यात काय गायलं जातं आणि काय बोललं जातं हे कथा ठाऊक असल्याशिवाय कळत नाही. परंपरा हिला बाराव्या शतकात ठेवते.

खुमान कुळातला पुरेंबा हा मोइरांगच्या दरबारातला शूर सरदार. तो आणि त्याची बायको लवकर वारले; मागे राहिली मुलगी खाम्नू आणि धाकटा मुलगा खांबा. खाम्नू स्वतःच अजून लहान होती, पण मिळेल ते काम करून तिने भावाला वाढवलं. बापाची ओळख, त्याचा मान, त्याच्या वस्तू सगळं जपून ठेवलं, आणि वेळ येईपर्यंत भावाला त्यातलं फारसं काही सांगितलंही नाही. मला विचाराल तर या कथेचा कणा खाम्नू आहे. प्रेम थोइबीचं, पराक्रम खांबाचा. पण कथा जिथे अडते तिथे ती पुढे नेणारी दरवेळी ही बहीण असते.

थोइबी ही मोइरांगच्या राजाची पुतणी, युवराज चिंगखुबाची लेक. ती मैत्रिणींना घेऊन लोकताकवर मासेमारीला जायचं ठरवते आणि त्या दिवशी पुरुषांनी तळ्यावर फिरकू नये अशी ताकीद निघते. खाम्नूही त्या बायकांत असते. घरी एकटा राहिलेला खांबा नाव घेऊन तळ्यात शिरतो. वारा सुटतो, नाव भरकटते आणि थेट थोइबीसमोर येते. गायकांच्या सगळ्यात आवडत्या जागांपैकी ही एक. या प्रसंगात घडतं अगदी थोडं: एक नाव, दोन माणसं, पाणी. पण गाण्यात तो लांबत जातो. वारा, लाटा, खाम्नूची धास्ती, थोइबीने भावा-बहिणीच्या चेहऱ्यातलं साम्य ओळखणं, सगळं सावकाश येतं. पराक्रमाचे प्रसंग भरभर सरकतात आणि हे पाणी मात्र संपता संपत नाही.

पुढे येतो नोंगबान, अंगोम कुळातला, श्रीमंत, वजनदार, आणि थोइबीवर डोळा ठेवून असलेला. गावातल्या शर्यतीत खांबा त्याला हरवतो. मग नोंगबान डाव टाकतो. खुमानांच्या मुलखात एका रानटी बैलाने थैमान मांडलं होतं. तो बैल खांबा पकडून देईल, असं नोंगबान दरबारात सांगतो. हेतू उघड आहे, खांबा मरावा. त्या रात्री खाम्नू भावाला गुपित सांगते: तो बैल आपल्याच बापाचा. बापाच्या हातातला रेशमी दोर त्याला दाखव आणि त्याच्या कानात बापाचं नाव सांग. खांबा तसं करतो आणि पिसाळलेलं जनावर शांत होतं. बाहेर उभ्या लोकांना वाटतं, ताकदीने जिंकला. खरं काय ते भाऊ, बहीण आणि श्रोते एवढ्यांनाच माहीत.

मान वाढला तसं वैरही वाढलं. थोइबीच्या बापाला हे लग्न नको होतं. खांबाला मारहाण होते, हत्तीच्या पायाला बांधून ठार मारायचा प्रयत्न होतो, त्यातून तो वाचतो. थोइबी हट्ट सोडत नाही म्हणून बाप तिला काबो मुलखात, म्हणजे आज म्यानमारमध्ये असलेल्या कबाव खोऱ्यात, विकून टाकायला पाठवतो. राजकन्या परक्या घरी राबते. काही काळाने बापाचं मन थोडं निवळतं, पण परतीच्या वाटेवर तिला घ्यायला तो नोंगबानला पाठवतो. थोइबी दुखण्याचं सोंग करते, त्याचाच घोडा मागून घेते आणि सरळ खांबाचं घर गाठते. अंगणातल्या प्रयोगात या जागी बायकांच्या बाजूने हशा आणि टाळ्या दोन्ही उठतात.

शेवटचा निवाडा वाघावर येतो. माणसं मारणाऱ्या एका वाघाची शिकार जो करेल त्याला थोइबी मिळेल. दोघेही रानात जातात. नोंगबान वाघाच्या हल्ल्यात मरतो, खांबा वाघाला मारतो, लग्न होतं. गोष्ट इथेच थांबली असती तर ती एक चांगली सुखांत कथा झाली असती.

पण कथा थांबत नाही. लग्नानंतर खांबाच्या मनात येतं की हिची निष्ठा पारखावी. बाहेरगावी जातो असं सांगून तो निघतो आणि रात्री परतून घराच्या भिंतीतून एक काठी आत सरकवतो, जणू कुणी परका पुरुष तिला खुणावतो आहे. थोइबी भाला उचलते आणि भिंतीतूनच आरपार मारते. बाहेरून ओरडण्याचा आवाज येतो, तो खांबाचा. बाहेर येऊन ती त्याला पाहते आणि तोच भाला स्वतःच्या देहात खुपसून घेते.

हा शेवट आजच्या वाचकाला खुपतो आणि तो खुपायलाच हवा. इतकं सोसलेल्या बाईच्या निष्ठेची परीक्षा घ्यायची गरजच काय होती? मैतेई श्रोतेही यावर वाद घालतात. कुणी खांबाला दोष देतं, कुणी म्हणतं हे थांगजिंगने ठरवलेलंच होतं, त्याच्या लीलेत या जोडप्याला संसार लिहिलेला नाही. मला यातलं दुसरं उत्तर पुरेसं वाटत नाही. गाण्यात संशय खांबाच्याच मनातून उगवतो; देव त्याच्या हातात काठी देत नाही. नियती आणि माणसाची चूक दोन्ही एकत्र ठेवल्या आहेत, आणि गायक त्यांतली एक निवडून श्रोत्यांची सुटका करत नाही.

एक तार

ही कथा मोइरांग साइ या नावाने पेनाच्या साथीवर गायली जाते. पेना म्हणजे मैतेईंचं एकतारी, गजाने वाजवायचं वाद्य. नारळाच्या करवंटीला चामडं मढवायचं, त्यात बांबूचा दांडा, त्यावर घोड्याच्या केसांची एकच तार. गजाचं टोक वाकडं असतं आणि त्याला छोट्या घंटा बांधलेल्या असतात. त्यामुळे गज ओढला की स्वर निघतो आणि झटका दिला की तालही निघतो. एकटा माणूस एका वाद्यात सूर आणि ठेका दोन्ही सांभाळतो. म्हणून त्याला वेगळा ढोलकवाला लागतोच असं नाही.

पेना हे करमणुकीचं वाद्य म्हणून वाढलंच नाही. राजवाड्यात पेनावाल्यांचं स्वतंत्र खातं होतं, त्याला पेना लोइशांग म्हणत. आणि लाइ हराओबात, म्हणजे ग्रामदेवतांना प्रसन्न करण्याच्या मोठ्या उत्सवात, पेनाशिवाय पान हलत नाही. उत्सवाच्या सुरुवातीला आमाइबी, म्हणजे देवाच्या पुजारणी, पाण्यातून देवतेचा जीव बोलावून आणतात, त्या वेळी पेना वाजतो. सकाळी देवाला जागं करतात तेही पेनाच्या स्वरांनी. मग नृत्यांतून सृष्टीची उत्पत्ती, घर बांधणं, शेती, विणकाम असं सगळं जगणं क्रमाने उभं केलं जातं.

नाटकाचं बी याच उत्सवात आहे. लाइ हराओबात एक प्रसंग असतो: नोंगपोक निंगथौ आणि पांथोइबी तांगखुल या डोंगरातल्या नागा जमातीच्या स्त्री-पुरुषाच्या वेशात शेतावर भेटतात, एकमेकांना कोपरखळ्या मारत, गाण्यांतून सवाल-जवाब करत. पूजेतच पात्रं आली, वेश आला, संवाद आला, प्रेक्षकांचं हसणंही आलं. नंतरच्या गायन-नाट्याला लागणारं सगळं साहित्य इथे तयार होतं. मोइरांगच्या हराओबात थांगजिंगपुढे खांबा आणि थोइबीचं जोडीनृत्यही होतं, आणि परंपरा सांगते की त्या दोघांनी स्वतः याच देवळापुढे नृत्य केलं होतं.

मोइरांग साइ गाणारा माणूस बसल्या जागी सगळी पात्रं होतो. आपल्याकडे आख्यान लावणारे कीर्तनकार बुवा जसे क्षणात दशरथ आणि क्षणात कैकेयी होतात, तसंच. गाता गाता तो थांबतो, चार वाक्यं गद्यात बोलतो, पुन्हा तार छेडतो. खाम्नूच्या तोंडचे शब्द आले की आवाज खाली येतो, नोंगबान आला की ठसक्यात चढतो. पूर्ण कथा एका बैठकीत संपत नाही. यजमान एखादा भाग मागतात, तळ्यावरची भेट, बैल, काबोला पाठवणी, आणि तेवढाच गायला जातो. ऐकणाऱ्याला मागचं-पुढचं माहीत असतंच.

अंगणात आलेली कथा

एका गायकाच्या आवाजात असलेली पात्रं वेगवेगळ्या माणसांना वाटून दिली की मोइरांग पर्व तयार होतं. मणिपुरात अंगणातल्या नाटकाला शुमांग लीला म्हणतात. शुमांग म्हणजे अंगण. महाराज चंद्रकीर्तींच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विनोदी सोंगांची फागी लीला रंगत असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ठरीव कथानकांचे खेळ सुरू झाले. 1918 चा हरिश्चंद्राचा खेळ त्यांतला एक. मोइरांग पर्व हा याच परंपरेतला गंभीर, वीर-करुण प्रकार, आणि त्याचा विषय ठरलेला: मोइरांगची प्रेमकथा.

या अंगणातल्या रंगभूमीचं व्याकरण फार थोडक्यात सांगता येतं. साधारण तेरा फूट लांब, तेरा फूट रुंद मोकळी जागा. चारही बाजूंनी प्रेक्षक. नटांना ये-जा करायला एक वाट. पडदा नाही, विंग नाहीत, नेपथ्य नाही. एखादं टेबल आणि दोन खुर्च्या एवढं सामान पुष्कळ झालं. मग लोकताक कुठून आणायचं? गाण्यातून. पाणी, वारा, रान, वाघ, काबोची लांबलचक वाट हे सगळं शब्दांत आणि चालीत असतं आणि प्रेक्षक ते मनात उभं करतात. इथे गाणी काढून टाकली तर तळंच नाहीसं होईल.

चारही बाजूंनी लोक असल्यामुळे नटाला पाठ फिरवायला जागा नाही. तो फिरत फिरत गातो, एकच ओळ वेगवेगळ्या बाजूंना देतो. त्यातून पुनरावृत्ती येते, आणि नवख्या प्रेक्षकाला ती कंटाळवाणी वाटू शकते. पण दुसऱ्यांदा आलेली ओळ नीट ऐकली की तिच्यातला स्वर बदललेला जाणवतो.

शुमांग लीलेच्या जुन्या मंडळ्या पूर्णपणे पुरुषांच्या; स्त्री-भूमिका करणाऱ्या नटांना नुपी शाबी म्हणतात आणि त्यांतले काही मणिपुरात सिनेमातल्या नटांइतके लोकप्रिय असतात. फक्त बायकांच्या मंडळ्याही आहेत. तिथे खांबा, नोंगबान, राजा सगळे स्त्रिया साकारतात. हे दोन्ही प्रकार एकाच गावात, एकाच कथेवर चालू शकतात.

याच्या शेजारी खोंगजोम पर्व नावाची आणखी एक गायनपरंपरा आहे आणि दोन्हींची नावं सारखी असल्याने बाहेरच्यांचा गोंधळ होतो. 1891 च्या इंग्रज-मणिपूर युद्धात खोंगजोमच्या टेकडीवर पाओना ब्रजवासी आणि त्यांचे सैनिक लढून मेले. ती लढाई लैनौ नावाच्या एका धोब्याने गाण्यात बांधली. खोंगजोम पर्व ढोलकाच्या साथीवर गातात, पेनाच्या नाही, आणि त्याची चाल आवेशाची, वरच्या पट्टीतली. पुढे त्याच ढंगात रामायण-महाभारतातल्या आणि मोइरांगच्या कथाही गायल्या जाऊ लागल्या. थोडक्यात, खांबा-थोइबी पेनावर ऐकायला मिळतील तसे ढोलकावरही, आणि दोन्ही अनुभव पुष्कळ वेगळे आहेत. पेनात शोक आहे, ढोलकात त्वेष.

कागदावर आणि रंगमंचावर

ही गोष्ट इतकी वर्षं तोंडी का राहिली, याला एक ऐतिहासिक बाजूही आहे. अठराव्या शतकात राजा गरीबनिवाझच्या काळात वैष्णव धर्म राजाश्रयाने पसरला आणि पुया म्हणजे मैतेईंच्या जुन्या पोथ्या जाळल्या गेल्या. त्यानंतर राजदरबारात रासलीला आणि संकीर्तन बहरलं. मुंबईत मणिपुरी नृत्य पोहोचलं ते मुख्यतः याच वैष्णव धारेतून. गुरू बिपिन सिंह यांच्याकडे शिकलेल्या झवेरी भगिनींनी ते इथल्या रसिकांना दाखवलं आणि 1972 मध्ये मणिपुरी नर्तनालय उभं राहिलं. त्यामुळे मणिपुरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे घेरदार, आरसे जडवलेल्या पोशाखातल्या गोपी येतात. खांबा-थोइबीची धारा त्याहून जुनी आहे, आणि ती गावच्या देवळांत, पेनावाल्यांच्या घरांत आणि आमाइबींच्या गाण्यांत टिकली. दोन्ही धारा एकमेकींच्या शत्रू म्हणून वाहिल्या नाहीत. एकच कुटुंब सकाळी कृष्णाची पूजा करी आणि वैशाखाच्या सुमारास लाइ हराओबात नाचे. पण बाहेरच्या जगाने एकच पाहिली.

इंग्रज अधिकारी टी. सी. हॉडसन यांनी 1908 मध्ये मैतेईंवरच्या पुस्तकात ही कथा छापली. पण मैतेईंच्या भाषेत तिला खरं लिखित रूप दिलं ते हिजाम अंगांघल यांनी. 1892 साली जन्मलेल्या या कवीने 1940 च्या सुमारास 'खांबा थोइबी शैरेंग' हे महाकाव्य लिहिलं. त्याच्या ओळी तीस हजारांहून अधिक. अंगांघल 1943 मध्ये वारले. त्यांनी पेनावाल्यांची कथनाची धाटणी टाकून दिली नाही, तिच्यावरच काव्य उभारलं. म्हणून ते मोठ्याने वाचताना आजही गायकाचा श्वास कुठे तुटतो ते कळतं. आधुनिक मणिपुरी साहित्यात लमाबम कमल, ख्वाइराक्पम चाओबा आणि अंगांघल या तिघांची नावं एकत्र घेतात, आणि या तिघांत लोकगायकांच्या सगळ्यात जवळचे अंगांघल.

रंगमंचावर ही सामग्री अनेक वाटांनी गेली. 1954 मध्ये इम्फाळला स्थापन झालेल्या जवाहरलाल नेहरू मणिपूर नृत्य अकादमीने लोककथांवर नृत्यनाट्यं बसवली. हैस्नाम कन्हैयालाल यांनी 1975 मध्ये 'पेबेत' केलं, आजी नातवंडांना सांगते तसल्या एका पक्ष्याच्या गोष्टीवरून. पिल्लांना मांजरापासून वाचवणारी आई एवढीच ती कथा, पण तीतून त्यांनी सत्ता आणि संस्कृती यांच्यावर बोट ठेवलं. रतन थिय्याम यांनी 1976 मध्ये कोरस रेपर्टरी थिएटर सुरू केलं. त्यांच्या नाटकांचे विषय अनेकदा महाभारतातले असले तरी शरीराची हालचाल, आवाज लावण्याची रीत मणिपुरी गायन-कथनातूनच आली होती. या दिग्दर्शकांची कीर्ती मोठी आणि रास्त. तरी मला वाटतं, त्यांचं काम पाहण्याआधी तासभर नुसता पेना ऐकला तर त्यातलं कितीतरी अधिक दिसतं.

आज

पूर्ण मोइरांग साइ पाठ असणारे गायक आता कमी आहेत. एखादा भाग येणारे पुष्कळ, सलग सगळं गाऊ शकणारे थोडे. शिकायला वर्षं लागतात आणि त्यावर पोट भरत नाही, हे कारण सरळ आहे. दुसरीकडे, पेनाला नवे कानही मिळाले आहेत. इम्फाळच्या लाइहुइ या गटात मयांगलंबम मंगांगसना यांनी तरुणांना पेना आणि लोकगायन शिकवलं. त्यांची मुलगी मंगका ही तीच जुनी गाणी नव्या श्रोत्यांपर्यंत नेते. यूट्यूबवर पेना शोधला की या मंडळींचं काम सहज सापडतं.

तळंही बदललं आहे. 1983 मध्ये इथाई बंधारा सुरू झाल्यापासून लोकताकची पातळी वर्षभर चढी राहते. पूर्वी कोरड्या महिन्यांत फुमद्या तळाला टेकत आणि त्यांवरची झाडं मातीतून पोषण घेत. आता त्या सतत तरंगत राहतात आणि पातळ होतात. सांगाईंच्या पायाखालची जमीन त्यामुळेच धोक्यात आहे. शिवाय 3 मे 2023 पासूनच्या हिंसेने मणिपुरात हजारो लोकांची घरं गेली, आणि डोंगर-खोऱ्याच्या सीमेवर असलेल्या मोइरांग परिसरालाही त्याची झळ बसली. अशा काळात रात्रीचे खेळ आणि गावोगावचे दौरे पहिल्यासारखे चालणं कठीण असतं.

ज्यांना हे ऐकून पाहायचं आहे त्यांनी नाटकापासून सुरुवात करू नये. आधी पेनावर तळ्याचा प्रसंग ऐकावा, शब्द कळले नाहीत तरी चालेल. वारा सुटल्याची जागा गजाच्या घंटांवरून ओळखता येते. मग बैलाचा प्रसंग ऐकावा, आणि खाम्नूचा आवाज कुठे येतो तिकडे लक्ष ठेवावं. त्यानंतर शुमांग लीलेतला एखादा प्रयोग पाहावा. परिस्थिती अनुकूल असेल आणि प्रत्यक्ष जाता आलं तर मे महिन्याच्या आसपास, मोइरांगचा लाइ हराओबा चालू असताना जावं. देवळाच्या अंगणात बायका मोइरांग फी नेसून आलेल्या असतात, काठावर टोकदार दातांसारखी नक्षी असलेलं हे वस्त्र इथलंच. चपला बाहेर काढाव्या लागतात, फोटोसाठी आधी विचारावं लागतं, आणि मुख्य कार्यक्रम दुपारनंतर सुरू होऊन रात्रीपर्यंत चालतो.